टेहळणीवर कोण होतं

शिमग्याला कधी रजा न मिळणारा स्वरूप ऐन शिमग्यात, फोन न करता दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या बायकोला, तेजस्वीला, आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. आठवड्यापूर्वी त्याच्या लढाऊ जहाजाची कोळशाच्या जहाजाशी टक्कर झाली होती. टीव्हीवर तो फाटलेला पत्रा सगळ्या मांडवी गावानं पाहिला होता.

"मी झोपलो होतो," स्वरूप म्हणाला. "धक्क्यानं जाग आली, एवढंच."

सखूनं लेकाची दृष्ट काढली. सुनेच्या मनात मात्र खुटखुट राहिली. फोन वाजला की हा मागच्या पडवीत का जातो? एकदा ती मासे धुवायला मागे गेली आणि त्याचं बोलणं कानावर पडलं.

"हो सर. सगळं शिकवलं होतं, असंच सांगेन."

जेवताना तिनं विचारलं, "काय शिकवलं होतं ओ तुम्हाला?"

त्यानं ताटात आणखी कालवण ओतून घेतलं.

"जेवू दे गं त्याला," सखू म्हणाली. "पोरगा दमून आलाय."

संध्याकाळी तेजस्वी त्याला मुद्दाम जेटीवर घेऊन गेली. "झोपला होतात, मग साहेब तुम्हाला कशाला पढवतायत?"

तो आत येणाऱ्या होड्यांकडे वळला.

"टेहळणीवर मीच होतो."

मग एकेक बाहेर आलं. तो मूळचा भांडारातला, सामान सांभाळणारा. माणसं कमी पडली म्हणून त्याला वर उभं केलं. जहाजांचे दिवे ओळखायला वर्गात पडद्यावर एकदाच दाखवलेलं. समुद्रावरचा सराव रद्द झाला होता. साहेबांनी विचारलं, येतं ना? चारचौघांत नाही कसं म्हणायचं? लाल दिवा दिसला, तर गाडीच्या मागच्या दिव्यासारखा वाटला. जहाज लांब चाललंय, असं त्यानं कळवलं. ते आडवं येत होतं; लाल दिवा जहाजाच्या डाव्या कुशीचा असतो. सावर्ड्याचा बाळा त्याच्याच जहाजावर खलाशी होता; त्याचा पाय त्यात गेला.

"आता चौकशी आहे. साहेब म्हणतात, सांभाळून घेऊ."

"कोणाला?" तेजस्वीनं विचारलं.

तो घराकडे चालू लागला. दोन दिवसांनी तो परत गेला.

चौकशी झाल्यावर त्याचा फोन आला. शिकवलं नव्हतं आणि येतं म्हणून मी खोटं बोललो, दोन्ही सांगितलं, म्हणाला. त्याला जहाजावरून उतरवून किनाऱ्यावरच्या कामाला लावलं होतं. साहेबांचीही चौकशी सुरू झाली होती. पण एकदा खोटं ऐकलेल्या तेजस्वीचा विश्वास बसेना. बाळा घरी आल्याचं कळलं, तशी ती एसटीनं सावर्ड्याला गेली.

बाळा ओटीवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवून.

"स्वरूपनं सगळं खरं सांगितलंन, वैनी," तो म्हणाला. "माझ्यासमोर सांगितलंन."

तेजस्वीचा जीव भांड्यात पडला. ती उठली, तेवढ्यात तो म्हणाला, "पण दिवे कळत नाहीत, हे मला आधी का नाय सांगितलंन? मी खालीच होतो. मला येत होतं."

तेजस्वी पुन्हा खाली बसली. त्याच्या आईनं आणलेला चहा तिच्या हातातच निवला.