पास्कलच्या गळ्यात मी काय पाहिले

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघायची नव्हे. माझ्या नशिबी शेंबूड आला. वसईजवळच्या पापडीत कान-नाक-घशाचा एक दवाखाना आहे. तिथे मला नाकातून घशात उतरवतात आणि बाहेर पडद्यावर माणसाचे स्वरयंत्र दिसते. माझ्या काळ्या लवचीक नळीत केसाहून बारीक काचतंतू आहेत. मी नवी होते तेव्हा डॉक्टर आर्या मला तान्ह्या बाळासारखे हाताळत. पुढे कौतुक आटले, पण कामात मी कुचराई केली नाही.

एका सकाळी पाचूबंदरचा पास्कल आला. गळ्यावर बोटांचे तांबडे वळ, ओठ फाटलेला, सदऱ्यावर रक्त. तो बंदरावर मासळीचा, तिथल्या बोलीत मावऱ्याचा, लिलाव पुकारायचा. तिथला रिवाज असा, की बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी खणखणीत पुकारायची. कुजबुजला तो लबाड. आणि पास्कलचा आवाज तर काही महिन्यांपासून खोल चालला होता. बोटीचा मालक मर्विन, त्याचा सख्खा पुतण्या. काका ओळखीच्या व्यापाऱ्याला हळूच भाव सांगून स्वस्तात मासळी देतो, असे त्याच्या मनाने घेतले.

"त्यानं यांना बर्फाच्या पेटीवर आपटलं," पास्कलची बायको आल्बिना संतापाने सांगत होती. "गला दाबून इचारत व्हता, 'मावरं कोनाला इकलंस? मोठ्यानं बोल!' दाबलेल्या गल्यातून कोन बोलंल, डॉक्टर?"

मी नाकातून खाली उतरले. आत सूज होती, रक्त साकळले होते. "'ई' म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. स्वरतंतू जवळ आले, थरथरले, पण कडा वाकलेल्या राहिल्या आणि मध्ये फट उरली, नीट न मिटलेल्या शिंपल्यासारखी. असे माराने होत नाही. मला ट्रॉलीवर ठेवून डॉक्टरांनी त्याचा निर्विकार चेहरा आणि थरथरणारा हात निरखला, त्याला चालायला लावले.

"पार्किन्सन असावा. मेंदूचे डॉक्टर नक्की सांगतील. आवाज बहुतेक त्यानंच बसलाय."

इतक्यात दार धाडकन उघडले. मर्विन!

"इथं येऊन नाटकं करतोस?" त्याने काकाची कॉलर धरली, ट्रॉलीला लाथ हाणली. मी फरशीवर आपटले आणि त्याचा बूट माझ्यावर पडला. माझे काचतंतू कडाकड तुटले. त्या क्षणी मला दात असते, तर मी त्याच्या पायाचा लचका तोडला असता!

डॉक्टर मध्ये पडल्या. पास्कलने मान हलवून परवानगी दिली, तेव्हा त्यांनी माझ्याच नजरेने टिपलेले चित्रण पडद्यावर लावले. "हे रक्त तुझ्या बोटांनी साकळलंय. आणि ही फट बघ. सगळा जीव लावूनही ती मिटत नाही. तो कुजबुजत नव्हता, ओरडत होता."

मर्विनच्या हातातून कॉलर सुटली. "काका, मंग सांगितलं का नाय?"

पास्कलचे ओठ हलले. कुणालाच काही कळले नाही. मर्विन गुडघ्यांवर बसला, त्याने कान थेट त्या फाटलेल्या ओठांना लावला.

"सांगत व्हतो रे," पास्कल म्हणाला.

मर्विन तिथेच हमसून हमसून रडू लागला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. आता माझ्यातून बघितले तर पडद्यावर काळे ठिपकेच दिसतात, म्हणून मी कपाटात पडून आहे. मित्रांनो, माझ्यासारखी नाजूक नळी जपून हाताळा. पण माणसाचा गळा त्याहून नाजूक असतो. कुणाचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर आधी त्याच्या जवळ जा.