चौथी खुर्ची

ताईच्या डोक्यात तिडीक गेली ती एका शब्दाने. शिवी नव्हे, टोमणा नव्हे, साधा रोज वापरायचा शब्द. रविवारी सकाळी धाकटा भाऊ फोनवर नळवाल्याशी बोलत होता आणि ती तिथेच टेबलापाशी बसून सहलीच्या सामानाची यादी करत होती. "त्या आठवड्यात खुशाल या," धाकटा म्हणाला. "आम्ही नसू, पण ताई असेल घरी."

ताईने पेन खाली ठेवलं. यादी तोवर चार लोकरी टोप्यांपर्यंत आली होती.

"ताई असेल घरी म्हणजे?"

"अगं, बाथरूमचा नळ गळतोय ना. कुणीतरी हवं घरात."

"आणि सहल?"

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने खिडकीकडे. "सहलीला आम्ही तिघंच जातोय ना," तो म्हणाला.

"मी चार माणसांच्या दोन खोल्या घेतल्यात."

"हो, मला वाटलं, तू जरा ऐसपैस घेतल्यास."

ऐकलंत? ऐसपैस म्हणे. उन्हाळ्यापासून बाई राबतेय आणि हे गृहस्थ आयत्या बिळावर नागोबा.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बावीस वर्षं तेच काम. सहलीच्या गावातलं तळं पानगळीत काठच्या झाडांनी लालभडक होतं, हे तिला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, आणि गावाचं नाव घरात तिनेच काढलं होतं. मग जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात, एका हातात डबा आणि एका हातात फोन, तिने सगळं जमवलं. बस कुठे बदलायची, होड्या किती वाजेपर्यंत असतात, चिमणीला मासे दाखवायला कुठला धक्का बरा. चिमणी म्हणजे आठ वर्षांची भाची. लॉजच्या गॅलरीत तीनच खुर्च्या आहेत असं कळल्यावर तिने चौथी मागून घेतली होती. लॉजवाली हसली होती, म्हणाली होती, आजवर कुणी खुर्च्या मोजल्या नव्हत्या बाई.

"तू काय म्हणाला होतास तेव्हा?" ताईने विचारलं. "आठव."

"आठवायचं काय त्यात. 'ताई, आम्हाला एक छोटीशी सहल ठरवून दे.' मी पहिल्यापासून आम्हीच म्हणत होतो. तूच नीट ऐकलं नाहीस."

आणि मेलं ते खरंच होतं. त्याने एकदाही 'आपण' म्हटलं नव्हतं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा जिच्या नजरेतून सुटत नाही, तिच्या कानावरून हा शब्द चार महिने गेला आणि ती आपली चार-चार टोप्या मोजत बसली. धाकट्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला तिला.

"ताई, तुम्हाला गारठा सोसत नाही ना," भावजय म्हणाली. "म्हणून आम्हीच म्हटलं..."

"मला विचारलंस?"

"तुम्ही चिडाल असं वाटलं."

"मग आता काय मी नाचतेय?"

ताईने यादी फाडली नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवली. या घरात ती राहायची, वाणसामान आणायची, चिमणीच्या तापात उशाशी बसायची. सहलीचं एक वेळ जाऊ दे. ती या घरातली आहे की घर राखायला ठेवलेली, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि ते एका वाक्यात कळलं होतं.

सोमवारी तिच्या हातून दोन काचा फुटल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक बिचारा सज्जन, म्हणाला, "बाई, बरं नसेल तर घरी जा." घरी, म्हणे. ती मागच्या खोलीत गेली आणि तिने लॉजला फोन लावला.

"तुमची चौथी खुर्ची आणून ठेवलीय हो," लॉजवाली म्हणाली. "निळी आहे, चालेल ना?"

"एक खोली सोडून द्या. तळ्याकडची ठेवा. मी एकटीच येतेय."

"अहो, सोडलेली खोली तासाभरात जाईल. लोक वाट बघतायत. आणि बाकीचे?"

"बाकीचे घर सांभाळणार आहेत."

संध्याकाळी ती घरी आली तर धाकटा मऊ झालेला. रात्रभर बायकोशी बोलून त्याने काहीतरी ठरवलं असणार. सगळे जेवायला बसल्यावर म्हणाला, "ताई, चल, तूही ये. नळवाल्याला पुढे ढकलतो."

तूही. त्या 'ही'ने उरलीसुरली आग मस्तकात गेली. उरलेलं अन्न वाया जायला नको म्हणून कुणाच्या तरी पानात वाढावं, तसा तो 'ही'.

"नको," ताई म्हणाली. "घर आपण सांभाळावं."

"आपण? म्हणजे सहलच रद्द?"

"आपण म्हणजे तुम्ही. परक्या माणसाशी मानाने बोलतात ना, तो 'आपण'. दुसरी खोली गेली. एक आहे ती माझ्या नावावर."

धाकट्याचा घास हातातच राहिला. "ताई, हे अति होतंय. आम्ही तुझ्या भरवशावर होतो."

"होतातच. तुमचं ते 'आम्ही'."

तेवढ्यात चिमणीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आत्या, मग आपल्या दोघींत खिडकीकडे कोण झोपणार?"

"तू आमच्याबरोबर घरी आहेस," धाकटा म्हणाला.

"मी नाही. आपलं ठरलंय ना आत्या, मासे बघायचे."

ताईला एकदम ओशाळल्यासारखं झालं. चारातून दोन वजा करायचे होते, तर रागाच्या भरात तिने तिघांना वजा केलं होतं. पोरीला कुणी विचारलंच नव्हतं, धाकट्याने नाही आणि तिनेही नाही. या घरात 'आपण' म्हणणारं एक माणूस होतं आणि तिने त्याचीच खुर्ची काढून टाकली होती.

ती हात धुऊन उठली आणि सगळ्यांदेखत तिने लॉजला फोन लावला.

"गॅलरीत दोन खुर्च्या ठेवा," ती म्हणाली. "ती निळी असू दे."

लॉजवालीने विचारलं, "आता कोण कोण येताय?"

"आम्ही," ताई म्हणाली, आणि टेबलापर्यंत नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आम्ही दोघी."