पट्टा वाडीला, थ्रेशर गावाला

दफ्तरातल्या खुर्चीत बसून ज्यानं ही तक्सीम, ही वाटणी केली, त्यानं जन्मात कधी जवारी मळली नाही. हे त्याच्या तोंडावर सांगायला भ्यायचं काय कारण?

गुडीहत्नूरकडच्या एका गावातून वाडी तोडली, तिची वेगळी पंचायत केली. केली तर केली. पण बायांचा संघम, म्हणजे बचतगट, दोन्हीकडचा मिळून एकच होता. त्याचं सामान वाटायचा हुकूम आला: नग मोजा, निम्मे निम्मे द्या. थ्रेशर एक नग, गावाला. ट्रॅक्टरवरून थ्रेशर फिरवणारा पट्टा दुसरा नग, वाडीला. झाला न्याय!

वाडीतल्या मालनबाईच्या खळ्यात कणसांची रास पडलेली. घरची वर्षाची भाकर तीच. अन् आभाळ तर भरून आलेलं. भिजली की जवारी काळी पडते, मग बाजारात तिला कोणी हुंगत नाही. मालनबाईनं पट्टा खांद्यावर टाकला, सरळ गाव गाठलं.

गावच्या संघमची नवी अध्यक्ष लक्ष्मीबाई दारातच होती. "काऊन वं, पट्टा द्याले आली का?"

"द्याले नाही, लावाले. तुहं थ्रेशर नुसतं कोंबड्या बसाले हाये, अन् माहा पट्टा म्हशी बांधाले."

लक्ष्मीबाई हसली, पण अडली. "पयला नंबर गावाचा."

"गाव-वाडी सोड. ज्याचं खळं खोलगट, त्याचं आधी. पाणी तिथंच साचते. तुमच्या भागाबाईचं, मंग आमच्या कौशल्याबाईचं. तुहं अन् माहं उंचावर, आपुन शेवटी."

"अध्यक्ष मी, अन् शेवटी?"

"म्हणूनच तं शेवटी, बाई!"

मग मालनबाईनं कामं लावून दिली. लांब हाताच्या जयवंताबाईनं कणसं घालायची, वाडीच्या सुनांनी पोती धरायची, चंपतरावानं ट्रॅक्टर सांभाळायचा, अन् बिडीसाठी उठायचं नाही. थ्रेशर खळ्याखळ्यानं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मीबाईचीही रास उरकली. उरली फक्त मालनबाईची. तिच्या खळ्यात पट्टा चढला, अन् फटफटीवरून दफ्तराचा माणूस उतरला.

"दोन पंचायतींचं सामान एकत्र लावलं कोणी? हुकुमाविरुद्ध आहे. बंद करा."

चंपतरावाचा हात चावीकडे गेला.

"हात काढ, चंपत!" लक्ष्मीबाई कडाडली. "थ्रेशर माह्या ताब्यात हाये. मी म्हणतो, चालू दे."

मालनबाईनं कणसांची पाटी उचलून दिली, पदरानं तोंड पुसलं, अन् त्या माणसापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, हे थांबलं अन् पाणी आलं, तं माही जवारी कोण भरून देईन? तुमी, का हुकूम काढणारा? नाव सांगा. आत्ता सांगा, या साऱ्या बायांपुढं."