निळ्या पुस्तकाची जागा

"उत्तरा, ते निळं पुस्तक कुठं गेलं असन वं?"

सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता बाबांनी विचारलं. ऐंशी सालच्या फेब्रुवारीतला रविवार होता. मी कॉलेजचे पेपर तपासत होते.

"बाबा, अकरा वर्षं झाली. सोडा आता."

"मले नवल वाटते. पुस्तक काही पायानं चालत जात नाही." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तुले शोधाचं असतं तर कुठून सुरू केलं असतं?"

"मला काय माहीत?"

"प्रोफेसर झाली आन् म्हणते मले काय माहीत." ते हसले. "पहिले चिठ्ठी लिहाव."

चिठ्ठी ही त्यांची रीत. बाबा, म्हणजे महादेवराव, विद्यापीठाच्या ग्रंथालयात अटेंडंट होते. पुस्तकं काढून द्यायची आणि परत जागेवर लावायची, एवढंच त्यांचं काम. पण नवा विद्यार्थी आला की ते आधी कागदाचा कपटा पुढे करत. "पुस्तकाचं नाव नको लिहू. तुले काय जाणून घ्यायचं आहे ते लिही." मग त्याला कार्डांच्या खणांपाशी नेऊन स्वतः शोधायला लावत. मुलं वैतागत.

"काका, एका पुस्तकासाठी एवढं?"

"आज एक नेशील गा. उद्या मी नसलो तरी दहा शोधशील."

तीच मुलं पुढे पीएच.डी. करताना कपटा मागायला त्यांच्याचकडे येत.

एकोणसत्तर साली मी एम.ए.ला होते. इतिहासाच्या शेवटच्या पेपरला लागणारं ते निळं पुस्तक, आणि त्याची एकच प्रत. माझं वाचून झालं होतं. माझ्याच वर्गातली सुमती कामठीहून बसने यायची आणि नेहमी माझ्या दोन-चार गुण पुढे असायची. मी पुस्तक परत दिलं नाही. कोणी बघत नाही असं पाहून ते शेतीच्या जाड अहवालांच्या मागे सरकवून दिलं.

सुमती चार दिवस येत राहिली. बाबा स्टुलावर चढून कप्पे धुंडाळत राहिले. समोरच्या टेबलावर मी मान खाली घालून टिपणं काढत होते. परीक्षेत मी पहिली आले. त्या अहवालांपाशी पुन्हा गेलेच नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी सायकलला कुलूप लावताना बाबा ग्रंथालयाच्या दारातच कोसळले.

तेरवीनंतर मी त्यांच्या वस्तू आणायला गेले. काउंटरवरच्या दत्तोपंतांनी डबा, चष्मा आणि कोऱ्या कपट्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी थेट अहवालांकडे गेले. मागे हात घातला. हाताला नुसती भिंत लागली.

मग एक कपटा घेतला आणि त्यावर लिहिलं, 'पुस्तक कुठे आहे?' खण उघडला. कार्ड होतं. त्यावरच्या क्रमांकाच्या कप्प्यापाशी गेले. निळं पुस्तक त्याच्या जागेवर उभं होतं.

मागच्या पानावर, नेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहितात त्या चिठ्ठीवर, माझ्या नावाखाली बाबांचं टपोरं अक्षर होतं. सुमतीचं नाव. दहा मार्च एकोणसत्तर. आमचा पेपर चौदाला होता.

मी तिथेच खाली बसले. अकरा वर्षं ते 'कुठं गेलं असन' एवढंच विचारत आले होते. 'सापडलं नाही' असं एकदाही म्हणाले नव्हते.

वाचकाने पुस्तक स्वतः कप्प्यात लावायचं नाही, टेबलावर ठेवायचं, हा त्यांचा नियम. मी ते टेबलावर ठेवलं. उचलून जागेवर लावायला ते येणार नव्हते.

"ताई, काही पाहिजे होतं काय?" दत्तोपंतांनी लांबून विचारलं.

मी मान हलवली. वाचनकक्षात कोणी मोठ्याने बोललेलं बाबांना खपत नसे. पुढच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघू लागल्या, इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

"बाबा, मीच लपवलं होतं."