खिळ्यावरचा कोट

"डॉलिना, काल जाताना तुम्ही इथून काय नेलंत?" संशोधक रोनानं बोलावून घेतलेल्या मदतनीसबाईंना प्रयोगशाळेच्या दारातच विचारलं.

"निवृत्त होऊन एक दिवस झाला नाही, तोच चोरीचा आळ? कप नेला, चपला नेल्या, आणि टोर्मोडचा हा कोट." नवऱ्याचा चर्चला जायचा तो लांब काळा कोट टोर्मोड वारल्यापासून सात वर्षं तीच वापरत होती.

रोना हसली नाही. दुधाळ पाण्याच्या हौदात एक चौथरा बुडवलेला होता. भिंतीवरच्या खुणा बघत उंदरांनी पोहत तो गाठायचा. निम्म्यांना आठवण पक्की होऊ न देणारं औषध दिलेलं होतं. बाकीचे बारा दिवसांत सरळ पोहायला शिकले होते. आज मात्र तेही भरकटत होते. असंच चाललं तर रोनाची तीन वर्षं पाण्यात!

"मेंदूतली पेशी पेशीला हाक देते. तीच हाक पुन्हा पुन्हा गेली, की मधला सांधा घट्ट होतो. तीच आठवण," असं रोनानंच एकदा डॉलिनाला समजावलं होतं.

"अगं पोरी, लुइस बेटावर चर्चमध्ये आम्ही दुसरं काय केलं?" डॉलिना म्हणाली होती. "एकानं स्तोत्राची ओळ टाकायची, साऱ्या मंडळींनी उचलायची. शंभरदा उचलली की ती जन्माची आपली."

तिथले पाद्री रंगात आले की प्रवचनही सुरात गाऊ लागत. तो सूर लागला, की टोर्मोड खिशातली पेपरमिंटची गोळी हळूच तिच्या हातावर ठेवी. एकही रविवार चुकला नव्हता.

डॉलिनानं पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. तिनं कोट उतरवला आणि रोजच्यासारखा तिथे टांगला.

रोनानं औषध न दिलेला एक उंदीर पाण्यात सोडला. तो एकदा वळला आणि थेट चौथऱ्यावर जाऊन बसला. दुसराही तसाच गेला. तिसराही. औषधवाले तेवढे गोल गोल फिरत राहिले.

"बाई गं!" डॉलिना म्हणाली. "घरात चहाचा डबा सापडायचा नाही याला, आणि आता उंदरांना वाट दाखवतोय!"

रोनाचे डोळे भरले. "कोट अजून अकरा दिवस इथे लागेल. मी दुसरा काळा कोट आणते ना."

"दुसऱ्याच्या बाह्या अशा लोंबायच्या नाहीत. हाच राहू दे."

बसथांब्यावर समुद्राचा वारा झोंबत होता. डॉलिनानं स्तोत्राची एक ओळ गुणगुणली आणि थांबली, कुणीतरी ती उचलावी म्हणून. उजवा हात आपसूक कमरेशी गेला, खिसा चाचपायला.

बस येईपर्यंत हात तिथेच होता.