गोलावलेले कोपरे

वडील गेल्यानंतर चौथ्या महिन्यात तिला एका अनोळखी बाईचा फोन आला.

"मी त्रिज्या," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. "म्हणजे गणितकट्ट्यावरची. खरं नाव सांगितलं असतं तर तुमच्या वडिलांनाही कळलं नसतं, मी कोण ते."

गणितकट्टा तिला ऐकून माहीत होता. कुठकुठली मुलं अडलेली गणितं त्या संकेतस्थळावर टाकत, आणि जाणती माणसं वेळ काढून उत्तरं देत. वडील निवृत्तीनंतर नऊ वर्षं रोज सकाळी तिथे बसत. कट्ट्यावर त्यांचं नाव होतं 'पेन्सिल'. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे उत्तर दोन ओळींचं, आलेख मात्र हाताने काढलेला, आणि त्याचा फोटो.

"आम्ही कट्ट्यावर आलेख काढायचं साधन बसवतोय," त्रिज्या सांगत होती. "समीकरण लिहिलं की आलेख हजर. फोटो ठेवायची जुनी जागा महिनाअखेर बंद होतेय. पेन्सिलकाकांचे सहाशे बारा फोटो आहेत. एकेक हाताने हलवायला माणसं नाहीत. त्यांच्या जागी साधनाचे आलेख लावू म्हणतो. पण घरच्यांना न विचारता हात लावावासा वाटेना. फोटो सगळे पाठवीन तुम्हाला, आठवण म्हणून."

आठवणींना घरात तोटा नव्हता. चष्मा होता, चपला होत्या. ते आलेख मात्र अजून कामावर होते. रोज कुणीतरी मूल ते उघडून बघत होतं. तेवढं तिला थांबू द्यायचं नव्हतं, पण हे फोनवर सांगण्याजोगं कारण नव्हतं.

"आधी मी पडताळून बघू?" तिने विचारलं.

"तुम्हाला गणित येतं?"

"नाही. मला फरक दिसतात."

ती मुद्रितशोधक होती. वीस वर्षं मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवून तिने पोट भरलं होतं. वडिलांचा फोटो तिने डावीकडे ठेवला, साधन उजवीकडे उघडलं, आणि उत्तरातलं समीकरण अक्षर न् अक्षर उतरवलं. निळी रेघ सर्रकन उमटली. हुबेहूब वडिलांची.

पहिले चाळीसेक तसेच निघाले. मग तिला खालची सरकती पट्टी सापडली. ती ओढली की आकड्याबरोबर वक्र मिटायचा, उघडायचा, उताणा व्हायचा. तासभर तेच चाललेलं पाहून आईने दारातून विचारलं, "काम करतेयस की खेळतेयस?"

"बघ ना, हा आकडा उणे केला की सगळं पालथं पडतं."

"शाळेत असताना ह्यांनी जिवाचं रान केलं, तेव्हा ढुंकून पाहिलं नाहीस. आता चाळिशीत पालवी फुटली." पण आई जवळ येऊन बसली.

पहिला फरक एकशे सातव्या आलेखात भेटला. साधनाची रेघ सरळ, अखंड. वडिलांचीही सरळ, पण दोनच्या आकड्याच्या वर एक बारीक पोकळ टिकली. चुकून पडलेला डाग म्हणावा, तर कंपासने काढलेली. तिने त्रिज्येला फोन लावला.

"क्ष वर्ग वजा चार, भागिले क्ष वजा दोन," त्रिज्येने वाचलं. "क्षच्या जागी दोन घाला बरं."

तिने कागदावर मांडलं. "वर शून्य, खाली शून्य."

"मग उत्तर काय?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तिथे एका बिंदूएवढं भोक आहे. साधन ठिकठिकाणचे बिंदू काढतं आणि जोडत सुटतं. एक बिंदू गाळला तर दिसणार कसा? काकांनी तो दाखवलाय. हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं."

त्या दिवसापासून ती भोकं शोधू लागली. साधनाने बुजवलेली आणि वडिलांनी उघडी ठेवलेली अशी एकतीस निघाली. तिला बरं वाटलं. खरं तर जिंकल्यासारखं वाटलं.

आणि मग दुसऱ्याच जातीचा फरक आला. क्ष वजा तीनचं केवलमूल्य, म्हणजे उत्तर उणे आलं तर चिन्ह पुसायचं; दोन तिरक्या रेघा खाली एका टोकाशी मिळतात. साधनाने काढलेलं टोक सुईसारखं. वडिलांचं मात्र वाटीच्या बुडासारखं गोल. असे सतरा आलेख. जिथे जिथे कोपरा, तिथे तिथे गोलाई.

"आई, बाबा कोपरे गोल का काढायचे?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "नळाचा नकाशा ना. पाण्याला काटकोन मानवत नाही म्हणायचे. तिथेच ठोकर बसते, तिथेच नळ फुटतो. आमच्या लग्नपत्रिकेचेसुद्धा कोपरे कापून घेतले होते ह्यांनी."

दोघी हसल्या. मग ती परत पडद्याकडे वळली आणि हसू ओसरलं. मूळ प्रश्नात एका मुलाने विचारलं होतं, टोकाशी उतार का काढता येत नाही? वडिलांनी शब्दांत अचूक सांगितलं होतं: डावीकडून एक, उजवीकडून दुसरा, म्हणून टोकाशी एकही नाही. आणि खाली चित्रात हात सवयीने वळला होता. त्या वाटीच्या बुडाशी उतार खुशाल काढता आला असता.

संध्याकाळी तिने सगळं त्रिज्येला सांगितलं, सतरांसकट.

"एकतीस ठेवतेय, हलवते मी स्वतः," त्रिज्या म्हणाली. "बाकीच्यांत साधन आणि काका एकच बोलतात, ते बदलू द्या. पण सतरांचं... नऊ वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नाही. राहिले तरी कोण बोलणार आहे?"

मोह सोपा होता. सतरा जास्तीचे, वडिलांच्या हातचे, त्यातही त्यांच्या हाताची खरी ओळख असलेले. प्रुफात लेखकाची लाडकी चूक सापडली की असंच व्हायचं. तेव्हा ती काय करायची, हे तिला ठाऊक होतं.

"काढून टाका," ती म्हणाली. "मूल चित्र बघतं, ओळ नंतर वाचतं."

"मग तुम्हीच काढून टाका. परवानगी देते."

पहिला फोटो काढून टाकायला तिला बराच वेळ लागला. त्या जागी तिने समीकरण लिहिलं. टोक उमटलं. तिने ते मोठं करून पाहिलं, आणखी मोठं, आणखी. इतर वक्र असे ताणले की शेवटी सरळ रेघ होत, हे एव्हाना तिने पाहिलं होतं. हा कोपरा मात्र हजारपट मोठा करूनही कोपराच राहिला, जरासुद्धा न वितळता.

ती खुर्चीत पुढे सरकली. उतार नाही म्हणजे हेच का? कितीही जवळ गेलं तरी?

आई जेवायला हाक मारत होती. "आले," म्हणत तिने कट्ट्यावर स्वतःचं खातं उघडलं, नावाच्या चौकटीत 'प्रूफ' लिहिलं, आणि प्रश्न विचारला.