मनोऱ्याची अकरा पावलं

मालविका टेंभुर्णेने चाचणीसाठी रचलेली खोटी बातमी मंगळवारी दुपारी चार वाजता खरी झाली. बातमी एका ओळीची होती: हिंगणसूरचा घड्याळाचा मनोरा रोज चारला पूर्वेकडे अकरा पावलं चालतो. त्या दिवशी मनोरा चौथऱ्यावरून उतरला, अकरा पावलं चालला आणि कापडबाजाराच्या तोंडाशी थांबला. वाटेतली केळ्यांची हातगाडी त्याने आधी हलकेच बाजूला सारली. एवढा अवजड जीव, पण एक केळं चिरडलं नाही. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं.

मालविका पीएच.डी. करत होती. मुलांना बातमी पारखून वाचायला कसं शिकवावं, हा तिचा विषय. आठवीच्या दोनशे चौदा मुलांना तिने सात बातम्या दिल्या होत्या. खरी कोणती, खोटी कोणती ते कारणासकट लिहायचं होतं. चाचणी संपली की रचलेल्या बातम्यांवर ‘नमुना’ असा शिक्का मारायचा, हा या कामातला पहिला नियम. बाकीच्या बातम्यांवर तिने तो इमानाने मारला. मनोऱ्याच्या बातमीवर मारला नाही. इतकी अचाट गोष्ट, हिला कशाला हवा शिक्का, असं तिला वाटलं.

नियम शिकवला होता अनसूया वाघमोडे बाईंनी. संशोधक विद्यार्थ्यांसाठी बाई दर शनिवारी दुपारी तीनला ऑनलाइन वर्ग घ्यायच्या. स्क्रीनवर चाळीस चौकटी, वरच्या कोपऱ्यात बाई, हातात स्टीलचा पेला. आवाज कधी चढला नाही. कुणी काही सांगितलं की एवढंच विचारायच्या, “कुठून कळलं?” या प्रश्नाने भलेभले खुर्चीतल्या खुर्चीत लहान व्हायचे. चंद्रपूरच्या कांबळींना तर दोन उशा घेऊन बसावं लागे. तरीही पुढच्या शनिवारी सगळे वेळेआधी हजर. मालविकाचा बाईंवर फार जीव होता, आणि तसा तो असावा अशाच त्या होत्या.

बुधवारी मनोरा आणखी अकरा पावलं चालला. मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका परत मागवल्या. मनोऱ्याची बातमी सगळ्याच मुलांनी खोटी ठरवली होती, तेव्हा सगळ्यांना लाल फुली मिळाली. फुली मिळालेली मुलं वर्गात काही विचारेनाशी झाली. सर सांगतील ते खाली मान घालून उतरवून घेऊ लागली. मालविकाने पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, बातमी कुणी लिहिली हे कुणाला ठाऊक नाही, गप्प राहा. ती रचलेली होती असं आपणच कबूल केलं तर या चाचणीवरचं चौथं प्रकरण हातचं जाईल, आणि चौथ्या प्रकरणाशिवाय प्रबंध कसला?

गुरुवारी आठवीतल्या राबिया मुलाणीची चिठ्ठी आली. “ताई, मी खोटी लिहिलं होतं. मनोऱ्याला पाय नसतात, असं कारण दिलं होतं. सरांनी फुली मारली. मी चुकले का?” मालविकाने चिठ्ठी तीनदा वाचली. तिला लाज वाटली. तिने उत्तर लिहिलं नाही.

शुक्रवारी मनोरा तिच्या गल्लीच्या तोंडाशी आला. पुढे पूर्वेला पहिलं घर तिचंच होतं.

शनिवारी आई सकाळपासून अंगण झाडत होती. “एवढा मोठा पाहुणा यायचा म्हणजे,” ती म्हणाली. तीनला वर्ग भरला. मनोऱ्याखेरीज कुणाला दुसरं बोलायचंच नव्हतं. बाईंनी कांबळींना विचारलं, कुठून कळलं? कांबळींनी रत्नागिरीच्या चौकटीकडे मान वळवली. रत्नागिरीने परभणीकडे. परभणीने आणखी कुणाकडे. एकदा वळलेली मान परत फिरत नव्हती. पावणेचारला एकोणचाळीस चेहरे एकाच चौकटीकडे बघत होते, आणि त्या चौकटीत मालविका होती.  तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. कुणीतरी बाहेर थांबलं होतं, आत यायची परवानगी मागत होतं. नाव लिहिलं होतं: मनोरा.

“घ्या त्यांना आत, मालविका,” बाई म्हणाल्या. “एवढे चालत आलेत, विचारायलाच आले असतील.”

मालविकाने बटण दाबलं. पडदाभर घड्याळाची तबकडी आली, आणि बाहेर मनोरा जागच्या जागी वाकला तशी खोलीची खिडकी काळवंडली. तिने खिडकी उघडली. वीतभर अंतरावर मनोऱ्याची खालची खिडकी होती, आणि तिच्यात राबिया उभी होती, छातीशी उत्तरपत्रिका धरून.

“ताई, कुठून कळलं तुम्हाला?”

अंगणातली केरसुणी थांबली. 

“कुठूनच नाही,” मालविका म्हणाली. “मी रचलं. शिक्का मारला नाही, ती चूक माझी. तुझं उत्तर बरोबर होतं, राबिया.”

“मग तसं लिहून द्या.”

मालविकाने खिडकीतून उत्तरपत्रिका घेतली, फुली खोडली, शेजारी ‘बरोबर’ लिहिलं आणि खाली सही केली. टेबलावर चौथ्या प्रकरणाचं पहिलं पान कोरं झालं. तिने ते पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं नाही. बाईंनी पेला खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही.

चारचे ठोके पडले. मनोऱ्याने अंगणावर पाऊल उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. खाली आई मान वर करून त्याचा तळवा बघत होती. राबिया बाजूला सरकली. तिच्या मागे, जिन्याच्या पायरीपायरीवर, पार घड्याळापर्यंत मुलं उभी होती, आणि त्यांतल्या पहिल्या मुलाने आपली उत्तरपत्रिका पुढे केली.